घरपोच आकार वेगळा

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं, त्यातल्या शिव्याही पोचल्या. माझं नाव निघालं की बाबा अजून ताटावरून उठतात हे वाचून वाईट वाटलं. पण कॉलेज सोडलं ते सोडलं. आता पुन्हा त्या बाकावर बसणं माझ्याच्याने होणार नाही.

नोकरी लागली आहे. लाकडी सामानाचं मोठं दुकान आहे, कपाटं, पलंग, टेबलं असा माल. माझं अक्षर चांगलं म्हणून मालकांनी मला काचेवर बसवलं. म्हणजे लाल कागदाचे हातभर आकडे कापून ते दर्शनी काचेवर चिकटवायचे आणि दारात उभं राहून लोकांना आत बोलवायचं. कपाट फक्त पाच हजार! माणूस थबकतोच. त्या आकड्याशेजारी एक इवलीशी चांदणी असते आणि खाली, पार पायपुसण्याच्या उंचीवर, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की घरपोच आकार वेगळा. तेही मीच लिहितो.

हा माल पोचवण्याचा आकार कुणालाच चुकत नाही. माल हातात द्यायचाच नाही असा मालकांचा नियम आहे. परवा शेजारच्याच इमारतीतला एक माणूस म्हणाला की मी आणि माझा भाऊ कपाट खांद्यावर नेतो. नाही म्हणजे नाही. आमचा टेम्पो सुरू झाला, फाटकातून बाहेर पडला, वळला आणि थांबला. त्याचे बाराशे! शिवाय जिने चढवायचे निराळे. तो माणूस इतका तापला की मला वाटलं आता हात उगारतो.

आणि हे सगळं ऐकून घेते ती बिलावर बसणारी. ताई, हे तुला सांगायचं होतं म्हणूनच एवढं पाल्हाळ लावलं. दारात गोड बोलतो मी आणि आत शिव्या खाते ती. रांग मोडली की मोठ्या माणसांनाही दटावते, म्हणून दुकानात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. पण आकारावरून कुणी लुटारू म्हटलं, चोर म्हटलं, तरी आवाज चढत नाही. बिल फिरवून समोर ठेवते आणि बोटाने ओळ दाखवते. मला तिथे उभं राहवत नाही. जीव नुसता तुटतो.

तू आणि भाऊजी येऊन तिच्या घरी रीतसर बोलाल का? बाबांना इतक्यात कळू देऊ नकोस. माझ्या वाटणीचा लोभ तूच सांभाळून ठेव, दुसरीकडे कुठे शिल्लक दिसत नाही.
तुझा,
धाकटा


दि. १२ जून

चि. तव्यास,
अनेक आशीर्वाद. तव्या म्हटलं म्हणून चिडू नकोस, लहानपणापासून तू असाच, बर्नर पेटायच्या आधी तापतोस. दुसरीत गुरुजींनी तुझ्या मित्राला मारलं म्हणून तू त्यांची छडी मोडलीस, आणि मग त्याच मित्राला नव्या छडीने दुप्पट बसल्या. आठवतं का?

पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगा आकडे कापतो की स्वतःचं काळीज? मी हसले, पण मग मलाच कसंतरी झालं. तू पानभर तिच्याविषयी लिहिलंस, पण ती तुझ्याशी काय बोलली याची एक ओळ नाही. तिच्या घरी कोण असतं, घर कुणाच्या कमाईवर चालतं, काही ठाऊक आहे का? मागणी घालायला आम्ही येऊ रे, पण आधी तिला तरी विचार.

बाबांचा खोकला वाढला आहे. परवा आपणहून म्हणाले की कार्ट्याला पगार वेळेवर देतात का ते विचार. मी विचारलं आहे असं समज. जेवत जा, भांडत जाऊ नकोस आणि या बहिणीवर माया ठेव.
तुझी,
ताई


दि. २५ जून

ती. ताईस,
सा. न. पगार वेळेवर मिळतो, सांग बाबांना. आता खरी बातमी.

मालक लग्नासाठी चार दिवस परगावी गेले आणि मी काच धुऊन काढली! चांदणी काढली, मुंगीची अक्षरं काढली आणि हातभर आकड्यांत खरी किंमत लावली. कपाट सहा हजार दोनशे, घरपोच. आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं की स्वतः न्यायचं असेल तर बाराशे कमी. मालकांनी सांगितलं आहे असं मी आत ठोकून दिलं.

काय गंमत झाली म्हणून सांगू! लोकांनी हातगाड्या आणल्या. एका नवऱ्याने पलंगाच्या पाट्या डोक्यावर घेतल्या आणि बायको मागून गादी धरून चालली, दोघंही हसत होती. बिलावर एक चढा आवाज नाही. काही लोक आकडा बघून समोरच्या दुकानात गेले, तिथे अजून पाच हजारांची पाटी आहे ना. जाईनात का.

हे सगळं मी कुणासाठी केलं हे तिला कळलं असणार. सकाळी आली तेव्हा रस्त्यावरूनच काचेकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं आणि न बोलता आत गेली. ताई, तिला शब्दच फुटेना. दिवसभर मान वर केली नाही तिने. तू म्हणत होतीस ना, ती काय बोलली ते लिही? काही माणसं बोलत नाहीत.

आता उशीर करू नका. जमलं तर येत्या रविवारीच या. आनंदात आहे, त्यात तुझाही वाटा धर.
तुझा,
धाकटा


दि. २ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. चेष्टा करायची म्हणून लेखणी उचलली होती, पण सुचत नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. जी बाई एरवी माणसांनी भरलेल्या रांगेला दटावते, ती काही बोलली नाही आणि तू त्याला आनंद म्हणतोस. माझ्या अनुभवात बाई इतकी गप्प होते ती एक तर हिशेब करत असते नाही तर भीत असते.

मालक परतले की काय म्हणतील तो भाग वेगळाच. भाऊजींनी पुढच्या रविवारची सुट्टी मागितली आहे. तोवर एवढंच कर, तिच्यासमोर उभा राहा आणि तिला काय वाटलं ते विचार. ऐकून घे, मध्ये तोंड घालू नकोस. रागावले नाही, काळजीने लिहिते आहे, तेवढं ओळखून घे.
तुझी,
ताई


दि. ९ जुलै

ती. ताईस,
न. वि. वि. रविवारी येऊ नका. भाऊजींना सुट्टी परत करायला सांग.

मालक आले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. काच बघून शांतपणे म्हणाले की काचेवरचा आकडा लोकांच्या पायांसाठी असतो, बिलावरचा आपल्या गल्ल्यासाठी, एवढं तुला कसं कळलं नाही? मग विचारलं की टेम्पोच्या किती फेऱ्या झाल्या. चार दिवसांत दोनच झाल्या होत्या. म्हणाले, म्हणजे टेम्पोवाचून आपलं भागतं तर. लागेल तेव्हा समोरच्या दुकानाची गाडी भाड्याने घेऊ, स्वस्तात पडेल. आणि मागच्या दारी उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यांना त्यांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. वर मला म्हणाले, आकडे मात्र छान कापतोस.

ताई, टेम्पोवाले तिचे वडील आहेत.

दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. आकार सांगणारी मुलगी आणि आकार घेणारा बाप असं गिऱ्हाइकांना कळलं तर बोंब होईल, म्हणून ओळख दाखवायची नाही ही मालकांचीच अट होती. दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत नसत, ती नुसती मागच्या दाराने माल कुठे पोचवायचा त्याची चिठ्ठी द्यायची. टेम्पो त्यांचा स्वतःचा, त्याचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत.

तिनेही त्याच दिवशी नोकरी सोडली. जाण्याआधी मला गोदामात बोलावून घेतलं. मला वाटलं रडेल. उलट मास्तरीण वर्गात बोलते तशी बोलली. म्हणाली, लोक शिव्या देतात म्हणून मी कधी तुझ्याकडे रडत आले होते का? शिव्या ऐकायचाच मला पगार होता, त्या मी इथेच ठेवून घरी जात होते. ऐकवत तुला नव्हतं आणि गाडी आमची गेली. लोकांना लुबाडतात हे तुझ्याआधीपासून मला ठाऊक आहे, पण काच धुण्याआधी एक शब्द मला विचारायचा होतास.

मी विचारलं की मग मी तुला कधीच आवडलो नाही का. ती म्हणाली, हे आज विचारतोस?

लोभ असू दे असं लिहायचीही लाज वाटते.
धाकटा


दि. १६ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. झालं ते झालं. त्यांच्या घरी जा, वडिलांची माफी माग आणि परत ये. बस, एवढंच. भरपाई करायला जाऊ नकोस, शपथ आहे तुला माझी. करमेनासं झालं तर सरळ घरी निघून ये, बाबांचं मी बघते. तुझी खोली झाडून ठेवली आहे.
ताई


दि. ३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. तुझी शपथ मोडली. मला राहवलं नाही.

त्यांच्या घरी गेलो होतो, दार उघडलं नाही. मग मालकांकडे गेलो आणि टेम्पो परत बोलवा म्हणून हट्ट धरला. ते म्हणाले, बिलावर माणूस नाही, तू बस. गिऱ्हाईक न सोडता आकार वसूल करून दाखव, मग बोलावतो. बसलो. काचेवर पुन्हा पाच हजार लावले, चांदणी लावली, खालची अक्षरं पूर्वीपेक्षा बारीक काढली. मालकांनी सुचवलं म्हणून माल बांधून देण्याचे दोनशेही वाढवले. पहिल्या आठवड्यात आकार सांगताना मान खाली घालायचो. आता घालत नाही.

काल एक आजीबाई आल्या होत्या. नातीला अभ्यासाला टेबल हवं होतं, काचेवरच्या आकड्याएवढेच पैसे त्यांनी रुमालात बांधून आणले होते. आकार सांगितल्यावर त्या चिडल्या नाहीत, मलाच विचारत बसल्या की बाळा, काही चूक तर होत नाही ना. मी नाही म्हटलं. टेबल न घेताच गेल्या.

टेम्पो सोमवारपासून परत आला. तिचे वडील मागच्या दारी येतात, माझ्या हातून चिठ्ठी घेतात, माझ्याकडे बघत नाहीत. ती कुठेतरी दुसऱ्या गावी कामाला लागली आहे एवढं गोदामातल्या माणसाकडून कळलं. आज धीर करून त्यांना म्हटलं की तिला सांगा, गाडी मी परत आणवली. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि म्हणाले, तिला कळलंय. तिने एवढंच सांगायला सांगितलं आहे की आता आमच्यासाठी आणखी काही करू नकोस.

मी बरं म्हटलं. आत रांग होती. पहिल्या माणसासमोर बिल ठेवलं आणि त्याला आकाराची ओळ दाखवली.

इतक्यात घरी येत नाही. हप्ते फिटेपर्यंत इथे कुणीतरी बसायला हवं. बाबांच्या खोकल्याचं कळव. आणि मी मागत नसलो तरी माया करणं थांबवू नकोस.
तुझा,
धाकटा