माहेरच्या लुगड्याची पोच

पहूर, चैत्र वद्य पंचमी

चिरंजीव रुपचंद यास अक्काचे (हयात अक्काचे) अनेक आशीर्वाद. इकडे बठ्ठे लहानथोर खुशाल. मी तर फारच खुशाल, हे तू मागच्या सोमवारी डोळ्यांनी पाहिलंसच. तुझे तळपाय कसे आहेत? चैत्राच्या उन्हात अनवाणी फाट्यापर्यंत गेलास आणि भाड्याची जीप तुझ्या मागे मागे रिकामी चालली होती म्हणे. तुझ्या हेमलताला तूप चोळून द्यायला सांग. फोन तू उचलत नाहीस, म्हणून तिसरी शिकलेल्या बाईला पेन धरावं लागलं. अक्षराला हसू नकोस, तुझंही काही मोत्यासारखं नाही.

आपली सख्खी बहीण तिरडीवर का झोपली होती, एवढं विचारायलाही तू थांबला नाहीस. तर ऐक. माझ्या प्रकाशचा योगेंद्र तू शेवटचा पाहिलास तो तुझ्या किरणच्या लग्नात, चौदा वर्षांपूर्वी, मांडवात लाडू फेकताना. आता तो पिक्चरचा डायरेक्टर आहे. डायरेक्टर म्हणजे स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याने केलेलं परत करायला लावायचं. (मी सासू असताना तेच केलं, मला कुणी खुर्ची दिली नाही.) आधी तो जामनेरला लग्नाच्या शूटिंगा करायचा. पाठवणीला नवरीची आई रडून मोकळी झाली की हा म्हणणार, काकू, उजेड कमी पडला, परत रडा. बाया रडायच्याही. एका गावी मात्र परत रडण्यासाठी नवरीला गाडीतून उतरवली, ती पुन्हा गाडीत बसायला तयार होईना. तिथून लग्नाची कामं बंद झाली आणि हा पिक्चरकडे वळला. पहिला पिक्चर मोबाईलवर आला, तो आमच्या गल्लीने पाहिला. दुसरा भुताचा. त्यात ड्रोन केळीच्या बागेत शिरला तो तिथलाच झाला, आणि भूत झालेल्या अभिमनला खरं कुत्रं चावलं. कुत्र्याचं काम सगळ्यांना आवडलं.

हा तिसरा. यात आजी मरते. त्यासाठी धुळ्याहून लताबाई नावाची नाटकवाली आणली. तिने चार दिवस आमच्याकडे भरीत-पुरी खाल्ली, पाचव्या दिवशी तिरडी बघितली आणि म्हणाली, माझी लेकरं जिवंत आहेत, मी असल्या गोष्टीवर आडवी होणार नाही. गेली. योगेंद्र कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, सरक, मी झोपते. कधीतरी झोपायचंच आहे, बांबू टोचतो का ते तरी कळेल. (टोचतो. माझ्या वेळी खाली गोधडी टाका, असं घरात सांगून ठेवलंय.)

इथेच शेजारच्या प्रेमराजने घात केला. माणूस गेल्याचं कळवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. त्याने भिंतीवरून तिरडी पाहिली, फोटो काढला आणि समाजाच्या ग्रुपवर टाकून मोकळा. दुपारपर्यंत मला दोनशे माणसांनी हात जोडले. जितेपणी दोघांनी जोडले नव्हते.

आमचं शूटिंग तोवर रखडलेलंच. आजीचा भाऊ झालेला अभिमन डोळ्यांना कांदा चोळत होता. डोळे सुजले, पण चेहरा उसाचा रस प्यायल्यासारखाच. योगेंद्रने त्याला तोंड धुवायला पाठवला. मी डोळे मिटून, नाकात आपल्याच शेतातला कापूस घालून पडून. तेवढ्यात कुणीतरी आलं, माझ्या पायांवर लुगडं ठेवलं आणि हंबरडा फोडला. मला वाटलं, अभिमनला जमलं. योगेंद्रलाही तुझी ओळख पटली नाही, त्याला वाटलं गावातलंच कुणी अभिमनच्या जागी धाडलं. मग तू म्हणालास, "अक्का, त्या दिन जेवीसन तरी जाती वं!"

तेव्हा कळलं. किरणच्या मांडवातली वरणबट्टी मी तशीच टाकून आले होते, हे अभिमनला कुठून माहीत? तू मला आहेर केला होतास त्या लुगड्यातून पलीकडची म्हैस दिसत होती, रुपचंद. शिंगांसकट. मी ते मांडवाच्या खुंटीला टांगलं आणि उपाशी निघाले. अजूनही तेच करीन.

खरं सांगते, ओळखल्यावरही मी लगेच उठले नाही. चौदा वर्षांनी भाऊ बोलतोय, मध्येच कशाला तोडा. शिवाय योगेंद्रची ताकीद होती, कट म्हणेपर्यंत मेलेलंच राहायचं. पण पायाच्या बोटाला काठ लागला आणि राहवलं नाही. मी म्हटलं, "रुपचंद, काठ बरा शे." तू मागच्या मडक्यावर बसलास, मडकं फुटलं, योगेंद्र कट म्हणून ओरडला आणि गावाने टाळ्या वाजवल्या. त्या तुलाच होत्या. मला मेल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

असो. घरातल्या थोरांना नमस्कार (आता तूच थोर, तेव्हा ठेवून घे), लहानांना पापा. कळावे, तुझी न मेलेली अक्का.

ता. क. सोबत एक कागद आहे, त्यावर सही कर. तुझं रडणं पिक्चरमध्ये ठेवू की पुसू, असं योगेंद्र विचारतो. आखाजीच्या सणानंतर धुळ्याचा एक थेटरवाला पिक्चर बघणार आहे. पोरगा म्हणतो, सहा वर्षांत मी घेतलेलं एवढं एकच खरं आहे, पण रुपचंदआबा नाही म्हणाले तर पुसतो. ज्याने परक्या बायांना दोनदा रडवलं, तो तुला विचारतोय. मी असते तर विचारलं नसतं.

ता. क. दुसरा. मयताला आणलेलं लुगडं घरात घेऊ नये, परतही पाठवू नये, असं गल्लीतली मंदाबाई सांगून गेली. मी तिला विचारलं, मयत कुठंय? मी ते नेसले आहे. म्हैस दिसत नाही.

ता. क. तिसरा. तेच नेसून आखाजीला सोनगीरला येते. तुझ्या चपला घेऊन येते. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस करायला हेमलताला सांग, या वेळी जेवून जाईन. योगेंद्रही कॅमेरा घेऊन येतोय. तुझ्या त्या वाक्यावर नेमका कावळा ओरडला, ते परत घ्यावं लागेल म्हणतो. आता मी पोटभर जेवल्यावर तुला रडू कुठून येणार? तेव्हा आधी रडून घे, मग माझं ताट वाढायला सांग.