जीपमधला लाल दिवा

माय, आज सकाळी तुझ्या नातीचा फोन आला. तिनं काल घरीच गाडीचं ऑइल बदललं होतं, आणि आज चावी फिरवली तर समोर पिवळा दिवा लागलेला. "आई, मी काही बिघडवलं का गं?" मी तिला आधी गाडी बंद करायला लावली. ऑइल मोजायची पट्टी काढून, पुसून ऑइल किती आहे ते बघायला लावलं, मग खाली वाकून कुठं गळतंय का तेही. सगळं ठीक होतं. तो दिवा नुसता ऑइल बदलायची आठवण करून देणारा निघाला. नव्या गाड्यांत काम झालं की तो आपणच बटण दाबून विझवायचा असतो म्हणे. ती हसत सुटली आणि म्हणाली, "तुला हे सगळं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, तुझ्या आजीनं, तू जन्मलीस त्या दिवशी.

बाबा गेल्यावर सगळे तुला सांगत होते, जीप विकून टाका, बाई माणूस काय करणार तिचं. तू विकली नाहीस. चालवायला शिकलीस, तीच घेऊन नार्नूरच्या शाळेत शिकवायला जाऊ लागलीस, आणि गाडीचा मिस्त्री थेट उटनूरला म्हणून ऑइलही अंगणातच बदलू लागलीस. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तो रविवार मला अजून दिसतो. तू जुनं लुगडं खोचून जीपखाली शिरली आहेस, मी खाटेवर बसून विचारतेय, "कोणता पाना देऊ?" आणि खालून तुझा आवाज येतो, "मोठा दे. आन् तू वाकू नको."

दुसऱ्या दिवशी तुझ्या शाळेला सुट्टी होती. दुपारीच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून वेळ होता. गावातल्या नर्सबाईंनी पोट चाचपून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मूल आडवं आहे, म्हणाल्या, आदिलाबादला न्या, आत्ताच्या आत्ता. तू मला जीपमध्ये बसवलंस. गाव मागे पडलं, सागाचं जंगल लागलं, आणि तू अचानक जीप कडेला घेऊन बंद केलीस.

"काऊन थांबली?"

"तेलाचा दिवा लागला. लाल."

"लागू दे ना माय! चाल तू!"

"इंजन जाम झालं तं इथंच राहू, बाई. मले पाहू दे."

मी तुला काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस आणि बॉनेट उघडलंस. पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली. ऑइल जेमतेम टोकाला लागलं होतं. मग तू खाली वाकलीस. ऑइल सोडायचा खालचा नट घट्ट होता, कोरडा होता. फिल्टर मात्र ऑइलनं न्हालेला. टॉवेल गुंडाळून तू तो तापलेला फिल्टर फिरवायला लागलीस. हात पोळत होता, तू मधेच हात झटकायचीस आणि पुन्हा धरायचीस. निघाल्यावर आत बोट घालून तू एक रबराची रिंग ओढून काढलीस. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती, आणि काल तिच्यावरच नवा फिल्टर बसला होता, म्हणून ऑइल गळत होतं.

"हे पाय. माहीच चूक हाय," तू म्हणालीस. माझ्याकडं पाहिलं नाहीस.

फिल्टर पुन्हा बसवून, सीटखालच्या डब्यात उरलेलं ऑइल ओतून तू चावी फिरवलीस. दिवा विझेना. जीप थरथरते आहे, मी सीटची कड घट्ट धरलेली, आणि तू त्या दिव्याकडं अशी बघतेस जशी वर्गातल्या हट्टी पोराकडं बघायचीस. विझला एकदाचा! मला वाटलं, निघालो आता. पण तू परत उतरलीस, गळतंय का ते खाली वाकून पाहिलंस, आणि मगच गिअर टाकलास. रागानं मला रडू आलं होतं. आज पोरीला तेच फोनवर सांगत होते, परत उतरून बघ.

दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळच्या आत पोरगी झाली. तुझे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून नर्स तिला तुझ्याकडं देईना. तू साबण मागितलास, घासघास घासलंस, तरी नखं काळीच. शेवटी नर्सच हसली आणि तिनं दुपट्यात गुंडाळलेली पोर तुझ्या हातात दिली. "आडवी होती न, आता सरळ झाली," तू तिला म्हणालीस. आणि मग पोरीला घेऊन तुला तिथंच खाली बसावं लागलं. तुलाही भीती वाटली होती, हे मला तेव्हा कळलं.

तू गेलीस तेव्हा तुझी नात अजून शाळेतही जात नव्हती. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. फक्त एक सांगायचं राहिलंय. मी अजूनही गाडी चालवायला शिकलेले नाही. येत्या रविवारी तुझी नात मला शिकवणार आहे. मी तिला होकार दिलाय, आणि माय, मला फार भीती वाटून राह्यली.