तापू आणि चार लिंबं

३ जून

लिसिआतेचा दुसरा पायही काळा पडलाय. साखर! वहिनी — फुसि — फोनवर सांगत होती. मागे कोंबड्या ओरडत होत्या, म्हणून दोनदा विचारावं लागलं. दोनदा ऐकावं लागलं.

डॉक्टरांनी घरी पाठवलंय. म्हणजे काय ते कळलंच.

मी जाईन. जाऊन ओसरीवर बसेन. तो आत, मी बाहेर. बारा वर्षांची झाले आणि तो मुलग्यांच्या झोपडीत झोपायला गेला, तेव्हापासून हे असंच आहे. मी घरात शिरले की तो मागच्या दारानं बाहेर. भावाला बहीण तापू — पवित्र, म्हणून वर्ज्य! माझा मान म्हणून. त्याच्याहून मी मोठी — वयानं नाही, मानानं. त्याच्या लेकरांच्या लग्नातही पहिला घास माझा.

या मानाचं आता काय करू?

५ जून

कचेरीत शब्दकोशाचं पुढचं पान माझ्या वाट्याला आलंय. शब्द — तापू. आपला, आणि शेजारच्या सगळ्या बेटांवरचा. हसावं की रडावं!

ऑकलंडला न्गाहुइयाला फोन केला. ती माओरी, अशा कामात नेहमी मदत करते. म्हणाली, "आमच्यात माणूस गेला की घर तापू. आणि डोकं तापू, बरं का! लहानपणी मी उशीवर बसले तर आजी असा धपाटा घालायची!" मग एकदम म्हणाली, "तुझा आवाज असा का गं?"

सर्दी झालीय म्हटलं.

फिजीत म्हणतात ताम्बू. तो चक्क समुद्राला घालतात, मासे वाढू द्यायचे म्हणून. मग एक दिवस उठवतात, आणि सगळा गाव जाळी घेऊन पाण्यात! हवाईत कापू. तिथं तो फाटकावर रंगवलेला असतो — आत येऊ नका. इंग्रजांनी तर आपल्याच किनाऱ्यावरून जहाजात घालून नेला. चारचौघांत ज्याबद्दल बोलू नये, त्याला ते तो लावतात — टॅबू.

सगळे अर्थ मांडून झाले. माझा कुठल्या रकान्यात बसवू?

८ जून

गावी जाऊन आले. ओसरीवर चटई टाकून फळ्यांच्या भिंतीला पाठ टेकली. पलीकडे त्याची खाट. मधे बोटभर लाकूड.

फुसिच्या आत-बाहेर खेपा चालू होत्या. "विचारतोय, जेवलीस का?"

"जेवले म्हणावं."

आत गेली, बाहेर आली. "काय जेवलीस? खोटं बोललीस तर ओळखतो म्हणे."

"पाव."

"पाव!" या वेळी आत न जाताच ओरडली. "ऐकलंस का रे? शहरात राहून तुझी बहीण पावावर जगतेय!" मग कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "वन्सं, मी बायको आहे की टपालखातं?"

किती दिवसांनी हसले मी! त्याचा आवाज मात्र ऐकू आला नाही. फुसि म्हणाली, "हळू बोलतो आता. ईस्टरला बारीकसा झटका आला होता ना."

१२ जून

आज परत गेले. सुरण आणि नारळाच्या दुधातला मासा नेला होता. फुसिनं भांडं आत नेलं. बराच वेळ आली नाही. मग दारात उभी राहून कमरेला गुंडाळलेल्या चटईला हात पुसत म्हणाली, "विचारतोय, आता किती लिंबं झेलता येतात तुला?"

मी चटईवरून अर्धी उठले.

लिंबं झेलायचा खेळ मुलींचा. मुलगा खेळला तर गाव हसतं. पण तो नऊ वर्षांचा असताना डुकरांच्या वाड्यामागे मी त्याला शिकवला होता. हिरवी लिंबं, एकामागून एक हवेत. मला तीनच जमायची. त्याला चार! हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही नाही.

"तीनच म्हणावं. हात जड झालेत."

फुसि आत जाऊन आली. "म्हणतो, मला अजून चार जमतील. पाय गेलेत, हात नाहीत."

तोंडात चटईचा कोपरा धरून रडले. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

१६ जून

आज विचारलंच फुसिला. "मी आत येऊ?"

तिचा चेहरा कसासाच झाला. "त्याला सगळं मीच करते, वन्सं. पुसणं, कपडे बदलणं. तू बघितलेलं त्याला..." मग म्हणाली, "थांब, विचारते."

बाहेर आली ती डोळे लाल करून. "काही बोलला नाही. डोळे मिटून घेतले."

हे हो की नाही?

१७ जून

तेच ते पान अजून टेबलावर. एक अर्थ लिहायचाच राहिला होता. सभेत उठून बोलायचं तर आपला पहिला शब्द तापूच! आधी देवाचा मान, मग राजाचा, मग सरदारांचा, मग जमलेल्यांचा. ज्यांच्यासमोर तोंड उघडायचं त्यांची क्षमा मागायची. मग बोलायला मोकळीक.

रोज ऐकते, आणि आज सुचलं!

उद्या आत जाणार. दारातच म्हणणार — तापू, लिसिआते. मग बसणार त्याच्याजवळ. डोळे मिटले तर मिटू देत. मीही मिटीन.

१८ जून

लिसिआते गेला. पहाटे. पहिली बस यायच्या आधी.

२० जून

मयताच्या उशाशी बसायचा मान आत्याचा. ती आता नाही, म्हणून माझा. सगळं गाव काळ्या कपड्यांत येत होतं, त्याच्या कपाळाचं चुंबन घेत होतं, आणि मला वाकून वाट देत होतं. मी त्याचं डोकं धरून बसले होते. दिवसभर. आता चालतं!

केस पांढरे झालेत त्याचे. मला माहीतच नव्हतं.

हळूच म्हटलं, तापू, लिसिआते. पुढे काही सुचलं नाही.

२९ जून

आज फुसिचे केस कापायचे होते. दुःखाचे केस मयताच्या बहिणीनंच कापायचे. ओसरीवर, त्याच जागी, ती माझ्याकडे पाठ करून बसली. पहिली बट खाली पडली तशी म्हणाली, "वन्सं, ईस्टरपासून त्याची वाचा गेली होती. एक शब्द नाही. मीच..."

माझी कात्री थांबली. "मग लिंबं?"

"ते त्यानं लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. तुझ्याबद्दलच बोलायचा गं. सारखा. कंटाळा यायचा मला."

म्हटलं, अजून सांग. ती सांगत राहिली, मी सावकाश कापत राहिले.

बरं झालं, केस लांब होते.