चौथ्या ओळीतली हाक

गुरुवार, २

कालच्या नोंदीत एक चूक झाली. दवाखान्याला सात पायऱ्या आहेत असं लिहिलं. आज मोजल्या, आठ आहेत. चूक खोडायची नाही, पुढे दुरुस्ती लिहायची, ही आत्याची शिस्त. दहा वर्षांची होईपर्यंत मी घरीच शिकले, तिच्याकडे. तिचा दुसरा नियम असा की पान पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही.

बाकी काल लिहिलं ते सगळं खरं. खोली उजेडाची आहे, टेबल डुगडुगत नाही आणि काम तर माझ्यासाठीच निघाल्यासारखं. लोक आपली सगळ्यांत भीतिदायक आठवण सांगतात. ती मी त्यांच्या शब्दांत जशीच्या तशी लिहायची. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो, अमिग्डला. माणूस घाबरला की तो त्या आठवणीवर शिक्का मारतो, म्हणून ती वर्षानुवर्षं ताजी राहते. लिहिलेला मजकूर वाचून दाखवला की ती भीती उठते, आठवण जागी होते आणि थोडा वेळ ओल्या सिमेंटसारखी मऊ असते. तेवढ्यात, वाचनाआधी दिलेली गोळी काम करते. आठवण राहते, भीती जाते.

झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या की इथे बारा वर्षं बदाम सोलतायत, पण अजून एक टरफल काही त्यांच्या केरसुणीला लागलेलं नाही. मी खूप दिवसांनी मोकळं हसले.

सोमवार, ६

पहिला मजकूर लिहिला. शिंपीणकाकूंचा. वय बावन्न. बारा वर्षांच्या असताना त्यांची सहा वर्षांची धाकटी बहीण अंगणातल्या पाण्याच्या टाकीत पडून गेली. आई कामाला गेली होती आणि बहीण काकूंवर सोपवलेली. चाळीस वर्षं काकू झाकण असलेल्या कुठल्याही भांड्यात हात घालत नाहीत. घरात पाणी भरायला शेजारीण येते.

 त्या सांगत होत्या तसं मी भराभर टिपण घेतलं आणि मग त्यावरून मजकूर उतरवला. चष्मा विसरला म्हणून त्यांनी न वाचताच सही केली. म्हणाल्या, तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार, पोरी.

शुक्रवार, १०

मंगळवारी पहिलं वाचन झालं, आज दुसरं. काकूंना आता रात्री झोप लागते.

दुरुस्ती लिहायची आहे. दुपारपासून टाळतेय.

मजकुराची चौथी ओळ अशी आहे: "मला तिची हाक ऐकू आली, पण मी उठले नाही." काकूंनी असं म्हटलं नव्हतं. आज माझं पहिल्या दिवशीचं टिपण काढून पाहिलं. त्या म्हणाल्या होत्या, शिवणाचं मशीन चालू होतं, काहीच ऐकू आलं नाही.

हाक मी ऐकली होती. नऊ वर्षांची होते. आजोबांनी न्हाणीघरातून हाक मारली आणि माझं पान पाऊण भरलं होतं. मी शेवटची ओळ लिहून उठले. तोवर ते पडले होते. पुन्हा उठले नाहीत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आत्यालाही नाही. तिने त्या दिवशीचं माझं अक्षर सुंदर आहे म्हणून शाबासकी दिली होती.

मंगळवार, १४

डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले. दारातूनच परतले. मजकुरातला शब्द मध्येच बदलला तर उपचार फुकट जातो, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते निमित्त पुढे केलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. चौथी ओळही. स्पष्ट, सावकाश.

काकूंनी मान डोलावली.

शुक्रवार, १७

शेवटचं वाचन. आज काकू चहाचं पातेलं झाकण काढून धुऊन आल्या, स्वतः. मावशींनी त्यांचं कौतुक केलं.

निघताना काकू शांतपणे म्हणाल्या की हाक ऐकू आली होती हे आईला इतकी वर्षं सांगितलं नाही, भीती वाटायची. आता वाटत नाही. येत्या शुक्रवारी जाऊन सांगून टाकते. आई ऐंशीच्या पुढची आहे. तिने मरण्याआधी खरं ऐकावं.

खरं.

सोमवार, २०

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फाईल उघडली. म्हणाल्या, दुरुस्त करायचं तर आठवण पुन्हा जागी व्हायला हवी. ती भीतीने जागी होते. आणि भीती तर आपण काढून टाकली. आता ते सिमेंट घट्ट झालंय, तुझ्या ओळीसकट. बाई झोपते, जेवते, पाणी भरते. सही तिची आहे. फाईल मिटव.

गोळी काकूंना होती. मला नव्हती. तोच मजकूर चार वेळा मीही ऐकला, माझ्याच तोंडून.

मंगळवार, २१

काकूंच्या दुकानात गेले. पाया पडून सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, माझी समजूत काढतेस होय. मला आठवतंय ना. आवाज कसा होता तेही त्यांनी सांगितलं. बारीक, जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा.

तो मी सकाळीच ऐकला होता. नळाखाली बादली भरताना.

बादली भरू शकले नाही. शेजारणीला बोलावलं.

बुधवार, २२

दिवसाढवळ्या ऐकू येतं. पाणी दिसलं की — पाणी नसलं तरी.

मावशींनी विचारलं, बाई, तुमचा बदाम कुणी फोडला. मला हसू आलं नाही.

एकच उरलंय. काकूंच्या आधी त्यांच्या आईकडे जायचं. पहिलं टिपण दाखवायचं. सांगायचं, तुमच्या थोरलीने काही ऐकलं नव्हतं. ऐकलं मी. तुमची धाकटी हाका मारत होती आणि मी मशीन थांबवलं नाही —

दुरुस्ती. मशीन नव्हतं. पान होतं. आजोबा होते. आजोबांचा आवाज जाड — की — आठवत नाही. तिचाच येतो.

चूक माझी आहे हे सध्या मला ठाऊक आहे. परवापर्यंत राहील का —

म्हणून उद्याच. गुरुवार, २३. सकाळी आठची बस. ही वही बरोबर न्यायची, आणि मी काहीही सांगू लागले तरी आईंनी वहीवर विश्वास —

ती हाक मारतेय. पान अजून पाऊणच भरलंय. या वेळी मी पान पुरं न करता उठ