ताकभाताचा नेम

प्रकाशा, ता. २ ऑगस्ट १९३७
शुद्धलेखन घालता घालता पुन्हा वर्ग सोडून नदीकडे पळालो. मागे पोरं खिदळली. वैद्यबुवा म्हणाले, ग्रहणी आहे, जुनं जुलाबाचं दुखणं. मिरची, उडीद, तूर बंद, ताकभातावर राहा. कालच ठेचा-भाकर चापली होती! सौ.ला बोललो नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, पोटाबद्दल अवाक्षर नाही. मास्तर नदीवर फिरायला जातात, एवढंच तिला ठाऊक.

ता. ५
पाटलांकडे जेवण. उडदाची डाळ, तळलेल्या मिरच्या, वर आग्रह. तोंडून निघून गेलं, "चातुर्मासाचा नेम आहे, फक्त ताकभात." पाटलांनी हात जोडले. "मास्तर, मोठा नेम शे!" मान वर करवेना.

ता. ११
पोट शांत. दिवसभर शिकवलं, एकदाही उठलो नाही. किती महिन्यांनी! पण देवळात एक म्हातारी पाया पडली. पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही. भोंदू मेला मी.

ता. १४
सौ.च्या ताटातही ताकभात. "तुम्हना नेम तोच मन्हा." अंगावर पिणारी पोर आहे तिला. समजावलं, रागावलो. ऐकत नाही. खरं सांगायला तोंड उघडलं अन्... ताक मागितलं.

ता. २२
सौ.ला चुलीपुढे भोवळ आली. दूध पुरत नाही, पोर रडते. मी शक्कल काढली. तिच्यादेखत ठेचा-भाकर खाल्ली. म्हटलं, माझा नेम सुटला, आता तूही नीट जेव. दुपारभर मुरडा, खेपांवर खेपा. ते सोसलं असतं. पण ती रडत बसली. "मन्हामुये तुम्हना नेम मोडना."

ता. २३, सोमवार
नेम मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून सौ.ने सकाळपासून पाणीही घेतलेलं नाही. पोर छातीला लागते, सोडते, किंचाळते. माझी लाज त्या पोरीच्या दुधाहून महाग झाली का? थू माझ्यावर.
रात्री सांगेन, असं लिहिलं. खोडलं. सौ.ला हाक मारली.
आली आहे. पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी आहे. "काय व्हयनं?" दोनदा विचारून झालं.
मी खाली मान घालून लिहितोच आहे.