तीस फूट तार

१४ जून

चि. बारकीस, काकाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. गाडी मात्र उपाशी आहे.

विजेची गाडी घेण्यापूर्वी तू पाठवलेला तक्ता मी तीनदा तपासला होता. किलोमीटरमागे पेट्रोलच्या पाचव्या हिश्श्याइतका खर्च, जुनी गाडी मोडीत दिल्यास सवलत, घरी चार्जर बसवल्याचा दाखला नव्वद दिवसांत दिल्यास अनुदान. आकडे निर्दोष होते. पण घरी चार्जर बसेल, हे त्या साऱ्याच्या मुळाशी असलेले गृहीतक तू तपासले नाहीस आणि मीही नाही. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही.

माझ्या मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत तीस फूट तार हवी. वायरमनच्या मते काम अर्ध्या दिवसाचे. सेक्रेटरींच्या मते इमारतीचा नियम सतरा आड येतो. तो बदलण्यास सर्व बारा घरांची संमती लागते. अकरा सह्या झाल्या, एक अडली आहे. अनुदानाची मुदत ३ जुलैला संपते.

तूर्त मी बाजारामागच्या चार्जिंग केंद्रावर जातो. दर घरच्या विजेच्या अडीचपट. दोन यंत्रांपैकी एक बंद आणि दुसऱ्यापुढे रांग. परवा दोन तासांनी माझी पाळी आली, तेव्हा यंत्राने माझे कार्ड नाकारले. तिथल्या बाईंनी मोबाइलवर अ‍ॅप घ्यायला सांगितले. ते घेतले, तर मी यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध करण्याची वेळ आली. दोनदा नापास झालो.

जुनी गाडी मोडीत गेल्यापासून चार रविवार आक्काकडे जाणे झालेले नाही. तुझी ही आत्या राहते त्या शुश्रूषागृहापर्यंत बस नाही, टॅक्सीवाले थांबायला तयार नाहीत, वाटेत कुठे चार्जिंग नाही, आणि जाऊन-येऊन पुरेल इतकी वीज बाजारात एका दमात मिळत नाही. झटक्यानंतर आक्काला बोलता येत नाही. पण रविवारी ती आपली चाकाची खुर्ची फाटकाकडे वळवून बसते, असे नर्सने कळवले आहे. काय करावे ते सुचव.

लोभ आहेच, तो तुझ्या तक्त्यावर अवलंबून नाही.

तुझा काका

२० जून

ती. काकांस, बारकीचा शि. सा. न.

तक्त्यातली चूक कबूल. माझ्या घरी प्लग दाराशीच आहे, म्हणून सगळ्यांकडे तो असतोच असे धरून चालले.

पण काका, नियम सतरा कोणी लिहिला आणि बारावी सही कोणाची, या दोन गोष्टी तुम्ही सफाईने गाळल्यात. मी काकूला फोन केला. ती म्हणाली, लिहिणारे समोरच पेपर तोंडापुढे धरून बसलेत. सामाईक जागेतून कोणीही, कोणत्याही कारणासाठी खासगी तार नेऊ नये, हे वाक्य तुमचे. सर्वसंमतीची अटही तुमचीच. आणि सही अडलीय ती दुसऱ्या मजल्यावरच्या घड्याळजींची.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या बॅटरीच्या तीनचाकीसाठी खाली एक तार मागितली होती. भर सभेत तुम्ही तीन मुद्द्यांत त्यांना गप्प केलेत, टाळ्याही घेतल्यात. तेव्हापासून तो अधू पायाचा माणूस रोज बॅटरी जिन्याने वर नेतो. तुमच्या पहिल्या मजल्याच्या दारावरूनच नेतो ना?

त्यांना पाठवलेला तुमचा चार पानी युक्तिवाद काकूने मला वाचून दाखवला. बिनतोड आहे. म्हणूनच सही मिळत नाही. आता पुरे झाले लिहिणे. एक मजला चढा.

रागावलात तरी चालेल, पण पत्र पाठवा.

तुमची बारकी

१४ जुलै

चि. बारकीस आशीर्वाद. तुझे पत्र उद्धट होते, पण खोटे नव्हते. त्यामुळे उठायला मला चौदा दिवस लागले.

घड्याळजी जिन्यातच भेटले. मी प्रस्तावना सुरू करताच त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि बाकीचे वर पोचल्यावर बोलू म्हणाले. वजन चौदा किलो. मी चारदा टेकलो. ते कठडा धरून मागून येत राहिले. वर गेल्यावर त्यांनी पाणी दिले आणि नियम सतरा वाचायला सांगितला. मी वाचला. ‘कोणत्याही कारणासाठी’ असे लिहिण्याचे कारण काय, असे त्यांनी विचारले. मला त्या दिवशी जिंकायचे होते, याखेरीज दुसरे कारण आठवेना. तेच सांगितले.

मग तिथेच नवा मसुदा केला: पहिली तार त्यांच्या गाडीला, दुसरी माझ्या. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, माझी एक चूक दाखवली आणि सही केली.

ती तारीख होती ४ जुलै. अनुदान एका दिवसाने हुकले. कार्यालयातल्या बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि नियम सर्वांना सारखा असतो असे सांगितले. हे वाक्य मी पूर्वी फार ठसक्यात उच्चारत असे.

अर्ध्या दिवसाच्या कामाला वायरमन सहा दिवसांनी उगवला. तोवर बॅटरी मीच वर नेली. गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे.

काल भरलेल्या गाडीने आक्काकडे गेलो. तिची खुर्ची फाटकाकडेच होती. मला पाहताच तिने चांगल्या हाताने चाक फिरवले आणि माझ्याकडे पाठ केली. आठ रविवार झाले होते. मी कारणे सांगायला घेतली नाहीत. तिच्यामागे स्टूल ओढून बसलो. तासाभराने तिने हात मागे केला आणि माझी बाही धरली. तोंड मात्र वळवले नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. तूही ये.

तुझा काका