कार्डावरची फुकट बॅग

३ फेब्रुवारी, मंगळवार

हरामखोर साले! विमान कंपनीचं हे क्रेडिट कार्ड घेताना मॉलमधला तो टायवाला पोरगा काका-काका करत मागे लागला होता. विमानात जादाची बॅग फुकट म्हणाला. आज हेल्पलाइनवाली म्हणते, या फ्लाइटला नाय. का नाय? तर कोडशेअर आहे. म्हणे तिकीट आमचं, फ्लाइटचा नंबर आमचा, पण विमान दुसऱ्या कंपनीचं. आणि विमान ज्याचं, बॅगेचा नियम त्याचा. म्हणजे बघायच्या कार्यक्रमात एक पोरगी दाखवायची आणि मांडवात दुसरीच उभी करायची! तसंच बोललो तिला. तर म्हणते, अजून काही मदत करू का सर.

बायकोला, बायजाला, कॅनडाला जायचंय, पोराकडे, अंकुरकडे. तिकीट त्यानेच काढलंय. सुनेचं, मैत्रीचं, बाळंतपण आहे. तिला आई नाय, म्हणून सासू चाललीय. बॅगा दोन. एक तिकिटात धरलेली, दुसरीचे पैसे मागतात. मी देणार नाय.

४ फेब्रुवारी

या कार्डासाठी काय नाय केलं मी! पुतण्याच्या हळदीचा सगळा खर्च माझ्या कार्डावर घासला — मांडव, बँजो पार्टी, मटण. भावाकडून रोख घेतली. का, तर पॉइंट मिळतात. अख्खं खारघर गाव जेवलं, नाचलं आणि मला हसलं. भावकीतल्या हरेशने तर माइकवरून सांगितलं, रामचंद्रशेठ हळद लावायला नाय, कार्ड लावायला आलेत. म्हटलं हसा. बायजाची बॅग फुकट जाईल तेव्हा तोंडं बंद होतील. आता मलाच तोंड दाखवायला जागा नाय.

आणि इथल्या नव्या विमानतळाला जमिनी कोणाच्या गेल्या? माझ्या मामाची भातशेती गेली तिथं. जमीन पण आमी द्यायची, बॅगेचे पैसे पण आमीच भरायचे!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंकुरला फोन केला. त्याने कार्डाचे नियम वाचून काढले. म्हणतो, कोडशेअर सोडा, ती सवलत कार्डवाला स्वतः प्रवास करत असेल तरच आहे. "बाबा, तुम्ही आईबरोबर आला असता ना, त्यांच्याच विमानाने, तर प्रश्नच नव्हता."

टोमणा! कळतो मला. मी येणार नाय म्हटल्यापासून असंच चाललंय त्याचं. मी का जाऊ? लग्न ठरवताना बाप आठवला नाय, आता बाळाला आजोबा पाहिजे. आणि इथं चाळीच्या भाडेकरूंकडे कोण बघणार? फोन कापला.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही बॅगा उघडल्या. म्हटलं एकीतच कोंबू सगळं. सुकट, सोडे, घरचा मसाला, डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी — हे समजतं. पण तिच्या झाडून सगळ्या चांगल्या साड्या? एकवीरेचा फोटो? विचारलं, बाळंतपणाला चाललीस की लग्नाला? मी साड्या काढून पलंगावर टाकल्या. तिने घड्या घालून परत भरल्या. मी परत काढल्या. तिने परत भरल्या. मग माझा आवाज चढला, खालच्या भाडेकरूने टीव्ही बारीक केला एवढा. तरी ही बया गप्प. माणूस आहे की भिंत!

९ फेब्रुवारी

ताट वाढलं, पण माझ्याबरोबर बसली नाय. बोंबलात मीठ जास्त.

११ फेब्रुवारी, बुधवार

पैसे भरले. त्याच कार्डाने. मरा एकदाचे!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सोडणार नाय मी त्यांना. जाताना लुटलं, येताना वसूल करतो. मीच जातो तिला आणायला! कार्डवाला सोबत, तिकीट त्यांचं, विमान पण त्यांचंच — आता बोला! हेल्पलाइनवालीकडून दोनदा वदवून घेतलं. हो सर, दोघांची जादाची बॅग फुकट, सर. पहिल्यांदाच बाईने सरळ उत्तर दिलं.

अंकुरने मात्र वेगळं काय समजू नये. मी बॅगेसाठी चाललोय. तिकडे थंडी फार असते म्हणतात, नेरूळला जाऊन जाकीट बघायला पाहिजे. बाळाला सोन्याचं काहीतरी न्यायला लागेल. आजोबा रिकाम्या हाताने आला, असं नको. महिना-दोन महिने राहीन म्हणतो, एवढ्या लांब जाऊन लगेच काय परत फिरायचं. भाडेकरूंकडे भाऊ बघेल. तशी घरात ती नसल्यावर मी तरी इथं काय करणार आहे.

परवा सकाळी तिचं विमान. उद्या चहाच्या वेळी सांगतो तिला. खूश होईल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. मी न्यायला येतो, दोघं एकत्र परत येऊ, बॅग फुकट. बायजाने कप खाली ठेवला.

"येतानाचं तिकीटच नाय. अंकुर काढत होता, मीच नको बोलले. मी परत येनार नाय."

आवाज चढवला नाय तिने. कप उचलून आत गेली. मी अजून तिथंच बसलोय.